विमानाचे गचके

धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे अकोटलाच व्हायचं होतं, रीतच तशी. पण तिच्या बंगळुरूच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली, तेव्हा आईनेच तिकडे जायचं ठरलं. नागपूरहून विमानाने, आणि सोबत मी. तिकिटं काढली, डिंकाचे लाडू झाले. इथवर सगळं सुरळीत होतं.

मग माणसं भेटायला येऊ लागली. लांब निघालेल्या माणसाला भेटून जायचं, ही आमच्याकडची पद्धत. पद्धत चांगलीच आहे, पण हे लोक चहा पिऊन मुकाट्याने जातील तर शपथ! तेल्हाऱ्याचे मामा म्हणाले, "बाई, ते टर्ब्युलन्सचं पाहून घेजो." टर्ब्युलन्स म्हणजे काय हे मामांनाही ठाऊक नव्हतं, टीव्हीवर ऐकलेलं. शेजारच्या काकूंनी तर मोबाइलवर व्हिडिओच दाखवला. त्यात माणसं किंचाळत होती.

सगळी गेल्यावर आई म्हणाली, "मी नाई येत."

माझं डोकंच फिरलं. आधी मी म्हणाले, काही नसते गं ते. मग शब्दकोश काढला. त्यात 'प्रक्षोभ' होतं, 'खळबळ' होतं. मी शहाणी, वाचूनही दाखवलं. आता खळबळ हा शब्द आई रोज पेपरात वाचते, आणि खून नाहीतर दरोडा पडल्याशिवाय तो कोणी छापत नाही. "इमानात खळबळ?" म्हणून ती उठूनच गेली. कोशकारांचं काय जातं! त्यांना कुठे कुणाच्या आईला विमानात बसवायचं असतं?

तिकडून बहिणीचा फोन. "ताई, आई येऊन राहिली ना?" रडवेला आवाज. नववा लागलेला, घरात नवऱ्याशिवाय कोणी नाही. काय सांगणार होते मी तिला, कपाळ?

शेवटी वैतागून आईसमोर बसले. म्हटलं, "हे पाह्य, गचके बसतात. परतवाड्याच्या एसटीत बसतात तसेच. हवा वर-खाली होते, तिच्यासंगं विमान हालते. पोटात गोळा येते, चहा सांडते. पट्टा नाही बांधला तर डोकं आपटते, लागतेबी. मलेबी भेव वाटते. पण ते हालणं सोसाले विमान पक्कं बनवलेलं असते, अन् थोड्या वेळानं थांबते."

आईने नीट ऐकून घेतलं.

"पट्टा कोन बांधून देते?"

"मी."

"मंग चाल. हे पयलेच सांगाले काय झालतं तुले?"

"सांगूनच राहिली होती ना, काही नसते म्हणून!" मी ओरडलेच.

"काही नसते, काही नसते," आई म्हणाली. "तुह्या बाबाच्या वक्तीबी असंच. डॉक्टर इंग्रजीत बोले अन् तुमी सारे मले म्हणा, काही नाई. मले ठाऊक असतं, तं मी त्या राती घरी झोपाले आली नसती."