चिंध्यांचा गठ्ठा

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या ज्या सरकारी ऑफिसात मी पांढुर्ण्याहून रोज बसने जायची, तिथे विहिरींच्या आणि संत्र्यांच्या बागांच्या फायली एकाच कपाटात होत्या आणि सापडत कुणालाच नव्हत्या. ऐंशीनंतरची ती वर्षं. नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, फायलीला विषयाप्रमाणे रंगीत चिंधी बांधायची. विहीर असेल तर निळी, बाग असेल तर नारंगी, भांडण असेल तर काळी, तातडीचं असेल तर लाल. एका फायलीला हव्या तितक्या चिंध्या, आणि ज्याला वाटेल त्याने बांधाव्यात.

कल्पना वाईट नव्हती, आम्ही वाईट होतो. बडे बाबूंनी आपल्या गावच्या फायलींना हिरवी चिंधी सुरू केली. दुसऱ्या एका बाबूंनी बायकोच्या जुन्या लुगड्याची फुलाफुलांची आणली. तिचा अर्थ, ‘मला समजली नाही’. बघता बघता अर्ध्या कपाटाला फुलं आली. लाल तर सगळ्यांनाच होती, कारण आपल्या टेबलावरचं काम तातडीचं नाही असं कोण कबूल करणार? निळी ओढली की कपाट अंगावर यायचं. ज्या फायलींना सगळेच रंग होते त्या कोणत्याच खणात बसेनात. त्यांचा एक गठ्ठा बांधून व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवला.

व्हरांड्यात लोक आपल्या कामासाठी ताटकळत बसायचे. आमच्याकडे रस्त्याकडेच्या झाडाला चिंध्या दिसल्या की येणारा-जाणारा आपलीही एक बांधतो, देव कोणता हे विचारत बसत नाही. कुणीतरी धोतराची किनार फाडून गठ्ठ्याला बांधली. त्याचं बघून दुसऱ्याने बांधली. मग हळद-कुंकू आलं, नारळ आला, आणि चपराशी त्या स्टुलाखाली झाडताना चपला काढू लागला.

त्याच गठ्ठ्यात बोरगावच्या एका बाईंची फाईल होती. नवरा पाय मोडून खाटेवर, म्हणून हेलपाटे त्यांच्या वाट्याला. विहिरीवर मोटर बसवायची परवानगी हवी होती. ऊन चढत होतं आणि संत्र्याला नुकती फळं धरली होती. दर खेपेला त्या बागेतली एक डहाळी आणून माझ्या टेबलावर ठेवायच्या. आधी पानं मलूल होती, मग ती गुंडाळत गेली. मला त्या डहाळ्या फेकवत नसत. मी त्या ड्रॉवरमध्ये ठेवायची.

शेवटी एक दिवस मी गठ्ठा सोडायला उठले, तर सगळा व्हरांडा उभा राहिला.

“नवस फिटल्याबिगर चिंधी सोडत नसते, बाई,” एक म्हातारबा म्हणाले.

“अहो, तुमची कामंच ह्या गठ्ठ्यात आहेत. सोडला तर होतील.”

“मंग आधी कामं करा. मंग आमीच सोडतो.”

मी पांढुर्ण्याची, दरसालच्या दगडफेकीच्या जत्रेत, गोटमारीत वाढलेली. दगडांना भीत नाही, पण हात जोडून उभ्या असलेल्या माणसांपुढे माझं काही चालेना. साहेबांना बोलावलं. ते आले, गठ्ठ्यापाशी घुटमळले आणि म्हणाले, “रहने दो.” तेव्हा मला त्यातली कोरी करकरीत लाल फीत दिसली. साहेबांनी ती स्वतःच्या बदलीच्या नवसासाठी बांधली होती, असं चपराशाने मागाहून सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या खेपेला बोरगावच्या बाईंच्या हातातली डहाळी कडकडीत वाळलेली होती. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. गठ्ठ्यापाशी खाली बसल्या आणि एका चिंधीची गाठ सोडू लागल्या. ती त्यांच्याच पदराची होती.

“काहून सोडून राहिल्या?” म्हातारबांनी विचारलं.

“वरच्या अंगाची सारी झाडं वाळली, बुवा. ज्या झाडायसाठी बांधली थेच गेली. आता कायचा नवस?”

म्हातारबाही खाली बसले आणि आपली गाठ चाचपू लागले. मग बाकीचे बसले. साहेबांची फीत मी दातांनी सोडली.

फाईल निघाली. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. पेनाचं टोपण काढायलाच काय तो वेळ लागला. बाईंनी कागद हातात घेतला आणि त्या सहीकडे बघत राहिल्या.

“येवढंच होतं?” त्यांनी विचारलं.

मला आमच्या अख्ख्या ऑफिसची शरम वाटली. “हो,” मी म्हटलं, “एवढंच होतं.”

त्यांनी डहाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि बोरगावची बस गाठायला निघाल्या.