पितळी बिल्ल्याची खूणगाठ

मागल्या वर्षीच्या लढाईत जबलपुरात ब्लॅकआउट होता. त्या दिवसांत कारखान्याच्या दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या मुरलीधर ड्रेसरला एक साधी गोष्ट उमगली. अंधारात तांबडं, पिवळं, हिरवं, सगळं काळंच.

मोठा अपघात झाला तर जखमींच्या गळ्यात अडकवायला दवाखान्यात रंगीत कार्डं आली होती. तांबडं कार्ड म्हणजे आधी न्यायचा, पिवळं म्हणजे थांबू शकेल, हिरवं म्हणजे चालत जाईल. सरावात दिवे घालवले आणि मुरलीधरनं नुसतं कोपर खरचटलेल्या गड्याला पहिल्या स्ट्रेचरवर घातलं. गडीही मुकाट पडून राहिला. फुकटची पालखी कोण सोडतो?

मग मुरलीधरनं भंगारातले पितळी बिल्ले आणले. कामगार गेटवर घेतात तेच, नंबर घातलेले. कानशीनं त्यांच्या काठाला खाचा पाडल्या. तीन खाचा म्हणजे आधी, दोन म्हणजे थांबेल, एक म्हणजे चालेल. बोट फिरवलं की अंधारातही कळावं. पण चाळीस बिल्ले झाले आणि भांडारातून कागद आला : सरकारी मालाची मोडतोड का केली, याचा खुलासा द्यावा.

त्याच आठवड्यात, एकमेकांचं काम पाहायच्या योजनेतून, युगोस्लाव्हियाच्या डॉक्टर मिलेना दवाखान्यात येणार होत्या.

"बाईंना कार्डं दाखव," दवाखान्याचे प्रमुख भय्यासाहेब म्हणाले. "बिल्ले पेटीतच राहू दे."

"काहून जी? काम तर बिल्ल्यांनीच होऊन राहिलं."

"अन् कोणी कापले म्हणून विचारलं तर? खुलासा अजून गेला नाही. नोकरीवर येईल, बापा."

बाई येणार त्या सकाळी दीक्षितपुऱ्यातल्या घरून निघताना अनसूयानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या रुमालाला दोन गाठी मारल्या. "एक माझ्या जोडव्यांची. सराफ्यात दुरुस्तीला दिलीत, महिना झाला. दुसरी जिऱ्याची. खूणगाठ आहे, सोडू नका."

मिलेनाबाईंचं इंग्रजी आणि मुरलीधरचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोघांना एकमेकांचं चांगलं कळलं. बाईंनी कार्डं पाहिली, मान डोलावली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे भूकंप झाला तेव्हा चार दिवस वीज नव्हती. अंधारात तुम्ही काय करता?"

मुरलीधरनं भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेबांनी खिडकीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आण रे ती पेटी."

सामानाच्या खोलीचं दार लावून घेतलं. भरदुपारी आत मिट्ट काळोख. "तीन," बाईंचा आवाज आला. "हा एक. हा दोन." एकही चुकला नाही. दार उघडलं तेव्हा त्या हसत होत्या. मग हसू ओसरलं.

"आम्ही एकाला 'थांबेल' म्हणून खूण केली होती. तासाभरानं तो दगावला. पुन्हा कोणी बघितलंच नव्हतं. माणूस बदलतो. तुमचा बिल्ला बदलतो का?"

खाच वाढवायची तर जखमीच्या छातीवर कानस घासायची? आणि सुधारला तर पाडलेली खाच भरायची कशी? मुरलीधरला घाम फुटला. तो पुसायला त्यानं रुमाल काढला आणि बोटाला जोडव्यांची गाठ लागली.

त्यानं एक कोरा बिल्ला घेतला, त्याच्या गळ्यात अडकवायच्या दोरीला दोन गाठी मारल्या आणि बाईंच्या हातात दिला. मग शेजारी तिसरी मारली. "बिघडला." मग एक सोडली. "सुधारला." बाईंनी दोरीवरून बोट फिरवलं. "आणि दर अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं," त्या म्हणाल्या. ते मुरलीधरनं भिंतीवरच्या सूचनांखाली तिथल्या तिथे लिहून टाकलं.

भय्यासाहेबांनी खुलासा स्वतः लिहायला घेतला. "भंगाराचे बिल्ले चाचणीसाठी वापरले. पाहुण्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं यापुढे कानस लागणार नाही, सुतळी पुरेल." मग मुरलीधरला म्हणाले, "चलो, सुतळी मागायला वेगळा अर्ज कर."

जाताना बाईंनी आपल्या लोकांना दाखवायला तो रुमाल मागितला. मुरलीधरनं गाठींसकट दिला.

संध्याकाळी तो शीळ घालत, रिकाम्या हातानं घरी आला.

"जोडवी?" अनसूयानं विचारलं.

मुरलीधरनं खिसा चाचपला. "ती गाठ युगोस्लाव्हियाला गेली."

अनसूयानं त्याच्याकडे नीट पाहिलं, सदऱ्याचं टोक ओढलं आणि त्यालाच गाठ मारली. "अच्छा. आता सराफ्याला जा. अन् हा सदरा कोणाला देऊ नका."