ट्रिटिकेलची बादली

इकडं परदेशात, टार्निटला, मुलाच्या घरामागं वस्ती संपते आणि तारेचं कुंपण लागतं. पलीकडं एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या चार गाई होत्या. माझ्याच वयाचा माणूस. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी. पण कासेला हात कसा लावायचा ते दोघांनाही ठाऊक, म्हणून जमलं. मी रोज सकाळी जाऊ लागलो.

तो गाईंना ट्रिटिकेल घालायचा. गहू आणि राय या दोन धान्यांचा संकर. माझ्या मुलाला फोनवर घेऊन त्यानं मला सगळं समजावलं. हलक्या रानात येतं, ताकद गव्हाएवढी, मक्यापेक्षा प्रोटीन जास्त. पण पोटात फार लवकर आंबतं. म्हणून आधी सुका चारा, मग थोडा भरडा, आणि वाढवायचा तो दिवसादिवसानं. भरडा मोजायच्या डब्याला त्यानं पेनानं रेघ मारून दिली. मी चौथी शिकलेला, पण पन्नास वर्षं गुरं सांभाळलेली. मला रेघ दाखवतो, म्हणून मनात हसलो.

एक गाय व्याली आणि त्याच दिवशी म्हातारा डोळ्याच्या ऑपरेशनला गेला. गोठा माझ्यावर. आमच्याकडं व्यालेल्या गाईला बाजरी शिजवून गूळ घालून देतात. इथं बाजरी कुठली? मी ट्रिटिकेल शिजवलं, घरचा गूळ घातला आणि बादली भरून तिच्यापुढं ठेवली. बाळंतिणीला मापून वाढत नाहीत. तिनं बादली चाटूनपुसून साफ केली. संध्याकाळी आणखी एक दिली.

दुसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना. डाव्या कुशीत मूठ दाबली, पोट हलत नव्हतं. नुसती दात करकरा खात होती. शेण पातळ, आंबूस वासाचं. ते मी पाण्यानं धुऊन टाकलं. घाण गोठा मला चालत नाही. म्हातारा डोळ्याला पट्टी बांधूनच परतला आणि त्यानं गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो मुलानं फोनवरून मला सांगितला.

"अण्णा, धान्य किती घातलं?"

"रेघेपर्यंत."

मुलानं तेच इंग्रजीत सांगितलं. माझं खोटं त्याच्या तोंडून गेलं. बाई म्हणाल्या, मग व्याल्यावर कॅल्शियम उतरलं असणार. शिरेतून औषध दिलं. धान्याचं कळतं तर त्यांनी पोट धुतलं असतं. तेवढा वेळ होता. मी बादलीशेजारी उभा होतो.

दुपारी गाय गेली. म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलला. मुलानं अर्थ सांगितला, "ते म्हणतात, तुम्ही होतात म्हणून ती एकटी नव्हती."

वासरू जगलं. त्याला मीच बाटलीनं पाजतो. पण भर दुपारी, घरात डिशवॉशर चालू असताना, मला ते दात करकरणं ऐकू येतं. उठून मशीन बंद करतो. तरी येतं. सून म्हणते, अण्णा, कान तपासून घेऊ. कान चांगले आहेत.

परवा म्हातारा मुलाला म्हणाला, व्यायच्या आधी तिला खनिजाची पूड द्यायला मीच विसरलो, माझ्यामुळं गेली. आता मला हे जमत नाही, उरलेल्या तिन्ही विकून टाकतो.

म्हणून हे लिहिलं. कागद मुलाला देणार आहे. त्यानं तो इंग्रजीत करून म्हाताऱ्याला वाचून दाखवावा, मी समोर उभा असताना. गाई विकायच्या की ठेवायच्या, त्याची मर्जी. पण ती गाय माझ्या हातानं गेली. तो दोष त्यानं नेऊ नये.