मलेशियात असं नसतं

पंच्याऐंशीच्या सुमारास अंधेरी स्टेशनजवळच्या इराण्याकडे रविवारी सकाळी एक गृहस्थ बायको-मुलींना घेऊन माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत. ते मलेशियात नोकरी करून आले होते, हे अख्ख्या हॉटेलला पाठ होतं. चहा बशीत ओतला की सुरू, "मलेशियात कॉफीत लोणी घालतात. आणि टोस्ट काय कुरकुरीत!" मुली माना डोलावत पाव गिळत.

एकदा बायको वैतागली. "अहो, परत आलात तेव्हा विमानतळावरून घरी न येता आधी इथे आलात. तिकडची कॉफी म्हणजे कडू काढा, इथल्या ब्रुन पाव-मस्क्यावाचून हाल झाले, असं म्हणत होतात ना?"

मुली फिदीफिदी हसल्या. गृहस्थांनी खुर्ची हळूच माझ्याकडे वळवली.

"तुम्ही कधी मलेशियाला गेलायत?"

मी नाही म्हणालो. त्यांच्या बायकोने माझ्याकडे फार कृतज्ञतेने पाहिलं.