पोटाखालची कंबर

राजूरची सत्यशीला बावीस वर्षांपासून शिवणकाम करते. कोळशाच्या ट्रकांवरचे कितीतरी ड्रायव्हर तिच्या हातचीच पॅन्ट घालतात. पोट सुटलं की पुरुष पॅन्ट मोठी शिवून घेत नाही, खाली घसरवतो, हे तिला कोणत्याही डॉक्टरच्या आधी कळलं होतं. बेंबीवरची पॅन्ट बेंबीखाली येते, मग पोटाच्या पार तळाशी. माप तेच राहतं आणि माणूस खूश. "पाह्य सत्यशीलाताई, अजून चौतीसच हाय ना माही कंबर!" तीही टेप तिथंच लावायची, कारण पॅन्ट तिथंच बसायची.

तिचा नवरा धम्मरत्न त्यातलाच. वणीहून चंद्रपूरकडे कोळसा नेतो. सात वर्षांपासून शुगर आहे, गोळीनं ती बऱ्यापैकी काबूत. पण यंदा केबिनमध्ये चढतानाच त्याला धाप लागायला लागली आणि सत्यशीलाचा जीव धास्तावला. त्याच्या शर्टाचं पोट एक्केचाळीस, पॅन्टची कंबर चौतीस. एकाच माणसाचं!

गेल्या महिन्यात ड्रायव्हरांसाठी तपासणी शिबिर भरलं. शुगरवाल्यांचा कागद वेगळा, त्यावर कंबर आणि बीपीचे रकाने; कंबरेची हद्द पस्तीस इंच. दोन्ही आकडे हद्दीबाहेर गेले, तर चरबी नि किडनी तपासायला रक्त वणीला जाणार. एकच गेला, तर 'ठीक'चा शिक्का आणि वर्षभर तपासणीतून सुट्टी. सत्यशीला मुद्दाम सोबत गेली. आपला माणूस डॉक्टरसमोर किती खरं बोलतो, ते तिला ठाऊक होतं.

बीपी निघालं एकशे छप्पन्न-शंभर. नर्सबाईनं मान वर न करता विचारलं, "पॅन्टचा नंबर?"

"चौतीस," धम्मरत्न छातीठोक.

बाईनं कंबरेच्या रकान्यात चौतीस लिहिलं आणि शिक्का उचलला.

"थांबा," सत्यशीला म्हणाली. "हे कंबर नाई."

"अवो, त्यायनंच सांगितलं ना."

"त्यायची पॅन्ट मीच शिवतो. ते पोटाच्या खाली बसते. पोट कुठं मोजलं तुमी?"

रांगेत मागं उभा असलेला भावसिंग ड्रायव्हर ओरडला, "वहिनी, धम्माच्या पोटात डिझेलची जादा टाकी हाय, तिचं माप वेगळं घ्या!"

रांग हसली. धम्मरत्न लालबुंद झाला. "चाल घरी. चारचौघांत माही इज्जत काढून राह्यली तू."

"धाप लागते तवा कुठं जाते इज्जत?" तिनं पिशवीतून टेप काढला, त्याचा शर्ट वर केला. "श्वास सोडा. पोट आत कायले वढता?" टेपवर एक्केचाळीस आले.

"बाई, दोनशे लोक हायेत," नर्स चिडली. "एकेकाचं मोजत बसलो तं संध्याकाळ होते."

"मंग होऊ द्या! सुई टोचाले वेळ हाय, टेप लावाले नाई?"

गलका ऐकून डॉक्टर आले. त्यांनी टेप पाहिला, कागद पाहिला. "शुगर, पोट, बीपी आणि रक्तातली चरबी," ते हळू आवाजात म्हणाले, "ही एकत्र आली की थेट हृदयावर येतं. नुसती शुगर काबूत असून भागत नाही. मोजायलाच हवं होतं."

"तुमाले ठाऊक हाय, तरी रकाना असा भरू देता? मी टेपवाली बाई नसती आली, तं शिक्का बसला असता ना?"

डॉक्टरांनी चौतीस खोडून एक्केचाळीस लिहिलं. धम्मरत्ननं रक्त दिलं, पण तिच्याकडं पाहिलं नाही.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. चरबी दुपटीच्या वर, किडनीवर ताण सुरू. गोळ्या वाढल्या. लवकर कळलं म्हणून बरं, असं वणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. धम्मरत्न ओट्यावर बसून नव्या गोळ्या मोजत होता. तेवढ्यात फोनवर शिबिराचा निरोप फिरत आला: 'बहुतेक ड्रायव्हर तंदुरुस्त. सर्वांचे अभिनंदन.'

सत्यशीलानं मशीनवरचा पाय काढला. "अभिनंदन म्हणे! पॅन्टचे नंबर लिवून अभिनंदन! भावसिंगभाऊलेबी शुगर हाय ना?"

"हाय. कागदावर तेहतीस लिवलं त्याच्या. पोट तं माह्याहून मोठं हाय."

"त्याचीबी पॅन्ट मीच शिवली. उठा, शिबिराच्या डॉक्टरसाहेबाकडं जाऊ. साऱ्यायचे कागद पुन्हा काढाले लावू."

धम्मरत्ननं भावसिंगला फोन लावला. "कुठं हायस बे? हसत होता ना लय? शर्ट वर करून उभा राह्य, आमी आधी तुह्याकडंच टेप घेऊन येऊन राह्यलो."