रक्त किती वेळात घेतात

मुरबाडच्या कोर्टात वीस वर्षं वकिली केली. लोकांचे प्रश्न ठरलेले. मशीनमध्ये फुंकलंच नाही तर काय होतं? लायसन कधी परत मिळतं? आपसात मिटवता येतं का? ‘पिऊन गाडी चालवली, चुकलंच माझं’ असं म्हणत आजवर एकही मेला आला नाही. सगळ्यांना फक्त सुटायचं असतं. आणि मी उत्तरं द्यायचे, फुकट, पोळ्या लाटता लाटता, फोन खांद्यात धरून.

धाकट्या दिराचा फोन आला तेव्हाही पोळ्याच चालल्या होत्या. भर दुपार. तो टोकावड्याला हळदीला गेला होता, आणि हळदीला बाटली नसेल तर आमच्या पाहुण्यांचा अपमान होतो म्हणे. पोलीस रक्त किती वेळात घेतात, एवढंच त्याने विचारलं. दोन तासांत, मी म्हटलं. उशीर झाला की त्यांना सिद्ध करणं जड जातं. का विचारताय, हे मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी घाटाखालच्या पाड्यावरची एक बाई ऑफिसात आली. मागून तिचा नवरा, कुबड्यांवर, पायात सळई. झाडावर चढून मध काढणारा, हिरडे पाडणारा माणूस; पाय गेला तर चूल बंद. रस्त्याच्या कडेने चालताना त्याला एका गाडीने उडवलं होतं. गाडीवाल्यानेच त्याला दवाखान्यात नेलं आणि वाटेत पढवलं, की गाडीचं नाव काढलंस तर पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत, झाडावरून पडलो म्हण. साफ खोटं. जखमीवर आधी उपचारच करावे लागतात. पण पाड्यावर पोलिसाचं नाव काढलं की माणूस काहीही कबूल करतो. हाही झाडावरून पडलो म्हणाला, तेच केसपेपरावर चढलं. आता भरपाई मागितली की विमा कंपनी आधी तोच कागद नाचवणार.

गाडीचा नंबर दोघांनाही सांगता येईना. पांढरी होती, मागच्या काचेवर मोठा वाघ. टोकावड्याच्या अलीकडे, हळदीच्या मांडवावरून आलेली, असं गाडीवालाच बोलला होता. तसला वाघ माझ्या दिराच्या गाडीवर आहे.

नवरा मात्र गाडीवाल्याचे गुण गात होता. साहेबाने स्वतः उचलला, सीटला रक्त लागलं तरी रागावला नाय. मग खाली बघत त्याने विचारलं, “बाय, मी डॉक्टरला खोटा बोललो. मला आत टाकतील काय?”

नाही टाकणार, मी म्हटलं. मला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी सापगावला दिराच्या घरी गेले. तो टीव्ही बघत होता. काही नाकारलं नाही, लाज तर नाहीच. दवाखान्यात पोचवलं की नाही, वर हेच ऐकवलं. मी आवाज चढवला तेव्हा शांतपणे म्हणाला, “वहिनी, दोन तासांचं तुम्हीच तर सांगितलंत. तेवढा वेळ पोलीस लांब ठेवले, एवढंच.”

किळस आली मला. त्याची आली, आणि त्याच्याहून जास्त माझी.

दुसऱ्या दिवशी नवराबायकोला दुसऱ्या वकिलाकडे नेऊन बसवलं आणि मी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेले. हवालदार ओळखीचा, त्याने पेन खाली ठेवलं. घरातली गोष्ट आहे मॅडम, म्हणाला, एकदा विचार करा. मी म्हटलं, आरोपीची वहिनी असं लिहा. आणि रक्त टाळायचं कसं, हे त्याला मी सांगितलं, तेही लिहा.