मोजणीकाकांचा हरवलेला इंच

“माझा एक इंच कुणी खाल्ला ते आधी सांगा! तोवर या घरातून कुणी बाहेर जायचं न्हाय!”

भिंतीपलीकडून ही डरकाळी आली आणि मुरुम गावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं आपापले खिसे चाचपले. ओरडत होते माझे शेजारी मोजणीकाका. जमीनमोजणीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांइतका मापाचा वेडा माणूस भूतलावर दुसरा नाही. असलाच तर यांनी हद्द दाखवून त्याला शेजारच्या ग्रहावर ढकललं असेल. ताटात भाकरी पडली की काका आधी टेप लावतात, “पूर्वेकडं पातळ हाय,” असा शेरा मारतात आणि मगच तुकडा मोडतात. नळदुर्गहून येताना एसटीत त्यांनी शेजारच्या प्रवाशाला सीट मोजून पटवून दिलं, की त्याची मांडी चार बोटं यांच्या हद्दीत आहे. तो बिचारा पुढचा सगळा प्रवास उभ्यानं आला. एका लग्नात तर ऐन अक्षतांच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, की नवरी बापाच्या रानात उभी आहे, पण नवरा शेजारच्या गटात. त्या शेजाऱ्यानं लगेच मानाचा फेटा मागितला आणि घेतलाही.

असल्या माणसाच्या हातात सुई आली ती नातीमुळं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला मुलगी झाली. या घरातलं प्रत्येक लेकरू पाळण्यात पडतं ते काकूंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळेवर. पण या खेपेला काकूंचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आणि बाराव्या दिवशी बारसं. “विकतची गोधडी आणू की,” असं जावई फोनवर बोलून गेले आणि काकूंनी दोन वेळचं जेवण सोडलं. तेव्हा काका कडाडले, “आख्खा तालुका मोजलाय म्या. चार चिंध्या जोडायला काय लागतंय?”

त्यांनी आधी कागदावर नकाशा काढला. मला लगतचा कब्जेदार म्हणून मोजणीला हजर राहायची तोंडी नोटीस दिली. दोन इंच रुंद, सहा इंच लांब असे आयत कापायचे. तीन आयत शेजारी शेजारी जोडले की सहा बाय सहाचा चौकोन. असे सोळा चौकोन, एक उभ्या पट्ट्यांचा, एक आडव्या. काकांनी लुगडं असं काटेकोर कापलं, की धाग्याधाग्याला सातबारा मिळाल्यासारखं वाटलं. मग टाके घातले, टेप लावला. लांबी सहा. रुंदी पाच.

मी घोटभर चहाला घरी आलो होतो, आणि डरकाळी फुटली ती इथं.

पुढचे चार दिवस चौकशी चालली. टेप खोटा म्हणून शिंप्याचा टेप मागवला. कापड आटलं म्हणून ते भिजवून, वाळवून, पुन्हा मोजलं. माझ्या तर बाह्या झटकून घेतल्या. रोज नवे आयत, नवे टाके आणि रोज एक इंच गायब. “हे सरळ अतिक्रमण हाय,” काका म्हणत. काकू शेजारी बसून दातानं दोरा तोडून देत आणि शांतपणे सांगत, “परत मोजा की.”

बारसं तीन दिवसांवर आलं तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, टाका काठावर बसत न्हाय. पाव इंच आत बसतोय, तेवढं कापड दोन्हीकडून मागं दुमडून जातंय. चारी अंगानं पाव इंच जास्त कापा.”

काकांनी चौकोन उलटा करून मागची दुमड बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाले, “म्हंजे बांध. बांधाला जागा सोडलीच न्हाय म्या.”

त्यानंतर त्यांनी जेवणसुद्धा सुईवरच केलं म्हणा ना. बारशाच्या सकाळी सोळा चौकोनांची वाकळ पाळण्यात अंथरली आणि नात तिच्यावर पसरून झोपली. काकांच्या बोटांची पार चाळण झाली होती. त्यांना पेढासुद्धा दुसऱ्यानं भरवावा लागला.

पाहुणे पांगल्यावर मी काकूंपाशी टेकलो. काका पाळण्याशेजारीच बसल्या बसल्या पेंगत होते. नोकरीची सगळी वर्षं हा माणूस मोजणीची साखळी घेऊन गावोगाव फिरला, घरी आला तो धुणं टाकण्यापुरता. मी विचारलं, “काकू, तुम्हाला तर पहिल्याच दिवशी कळलं असणार. मग चार दिवस बोलला का नाहीत?”

काकू उरलेल्या चिंध्यांची घडी घालत म्हणाल्या, “सांगितलं असतं तर शिवून उठून गेले असते.”